देवाचे साडेआठ

"अगं, चंद्र म्हणजे काय मोरेलियाची बस आहे, चुकायला?" गच्चीवर वाळत घातलेल्या मिरच्या परातीत भरता भरता चायोमावशी म्हणाली.

"आज बसच आहे, मावशी. दोन मिनिटं थांबते नि जाते," होविता म्हणाली. कॅमेऱ्याच्या तिपाईचा पाय तिने तिसऱ्यांदा सरकवला आणि परत होता तिथेच आणून ठेवला.

समोर साडेतीनशे मीटरवर सांता ब्रिहिदाच्या चर्चचा घंटेचा मनोरा. सूर्य नुकता बुडालेला. होविताचा जीव काही थाऱ्यावर नव्हता. घड्याळ बघायची, मग मनोरा, मग पूर्वेचा डोंगर, की परत घड्याळ.

होविता गावातल्या दवाखान्यात नर्स. शिकागोहून परतलेल्या चुलतभावाने त्याचा जुना कॅमेरा तिला दिला, त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून पौर्णिमा चुकवली नव्हती. पहिलं वर्षभर तिचे सगळे चंद्र तव्यावरच्या पांढऱ्या तोर्तियासारखे आले, नुसते भाजलेले, कोरे. चंद्र रात्रीचा म्हणून कॅमेराही रात्रीच्या अंधारासाठी लावायचा, असं ती समजून चालली होती. मग एकदा डोक्यात उजेड पडला, की आपल्याकडे रात्र असली तरी चंद्रावर ऊनच पडलेलं असतं. ते ऊन धरून, दिवसासारखा कॅमेरा लावून फोटो काढला, तर ससा कानांसकट उतरला. गाव तिला 'चंद्राची नर्स' म्हणायचं. महिन्यातून एकदा जाते आणि त्याची नाडी बघून येते, म्हणे.

पण आज तिला सशाशी कर्तव्य नव्हतं. आज तिला पापा हवे होते.

तिचे पापा, फिदेन्सिओ, एकसष्ट वर्षं त्या मनोऱ्यावर घंटा वाजवत होते. उद्या सकाळपासून ते काम मशीन करणार होतं. नव्या पाद्रींनी वर्गणी गोळा करून ते आणलं होतं. दवाखान्याच्या डॉक्टरांनी तर पापांना जिना कधीचाच बंद केला होता. ते ऐकत नव्हते, इतकंच. घंटा सगळ्या गावाला ऐकू येते, पण वाजवणारा कुणाला दिसत नाही. लग्नाकार्यातल्या दोनचार फोटोंत पापा होते, तेही डोळे मिटून. म्हणून होविताने चार महिने हिशोब मांडला होता. आज साडेआठला चंद्र बरोबर मनोऱ्याच्या कमानीत येणार होता, कमानीएवढा मोठा. आणि त्याच्यापुढे पापा, हात घंटेवर ठेवून.

सकाळी दवाखान्यात एका बाईला इंजेक्शन देता देता तिने दारात आलेल्या पापांना सांगितलं होतं, "साडेआठला. कमानीत उभं राहायचं, हलायचं नाही."

"साडेआठ," ते म्हणाले आणि निघून गेले.

आठ अठ्ठावीस. मनोऱ्याच्या कडेला नारिंगी उजेड चढला. कमान रिकामी.

"आले असतील. खाली टेकले असतील जरा," होविता स्वतःशीच म्हणाली.

चंद्र कमानीत शिरला. भरगच्च, सशासकट, घंटेच्या अगदी शेजारी. एवढा नेमका चंद्र नऊ वर्षांत तिला मिळाला नव्हता.

"पापा!" ती ओरडली. एवढ्या लांब आवाज कुठला पोचणार!

चायोमावशीने छातीवर क्रुसाची खूण केली. "पोरी, जिन्यात पडलेबिडले तर नसतील?"

तो विचार होविताच्या मनात केव्हाच येऊन गेला होता. बोटाने मात्र सवयीनं बटण दाबलं. रिकाम्या कमानीचा फोटो निघाला आणि चंद्र वर सरकला. तिने तिपाई तशीच खांद्यावर टाकली आणि धावत सुटली.

मनोऱ्याच्या दाराला कुलूप. आत हाक मारली, दाराला कान लावला. घरी पळाली, तिथेही कुलूप. परत येऊन ती चर्चच्या पायरीवर बसली, उठली, चौकाला फेरी मारून आली, पुन्हा बसली. घाबरत होती आणि चिडतही होती. आधी सापडू देत, मग बघते त्यांच्याकडे!

पाऊण तासाने चौकाच्या त्या टोकाला पापा दिसले. न्हाव्याकडून घोटून दाढी करून आलेले, अंगात पांढरा सदरा, डोक्यावर सणासुदीची टोपी, हातात किल्ली.

"तू इथे काय करतेस?" ते म्हणाले. "तू लांबून काढणार होतीस ना? जा पळ, अजून दहा मिनिटं आहेत."

"कसली दहा मिनिटं! सव्वानऊ होऊन गेलेत, पापा!"

"सरकारचे," पापा शांतपणे म्हणाले.

दर एप्रिलात सरकार घड्याळ तासभर पुढे ढकलायचं. दवाखाना, शाळा, बस यांची वेळ सरकारची. प्रार्थना, घंटा आणि पोटातली भूक यांची वेळ देवाची, जुनीच. गावात कुणीही वेळ सांगितली की समोरचा विचारायचा, "देवाची की सरकारची?" तेरा वर्षं होविता सकाळी एका वेळेत कामाला जायची आणि संध्याकाळी दुसऱ्या वेळेत घरी यायची. कधी चूक झाली नव्हती. आज तिने सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही.

"विचारायचं तरी, कुणाचे साडेआठ म्हणून!"

"त्यात काय विचारायचं? फोटो तू चंद्राचा काढणार. चंद्र काय सरकारी घड्याळ बघून उगवतो?"

होविताला हसू फुटलं, आणि हसता हसताच ती रडायला लागली. "गेला हो तो. कमानीतून गेला. चार महिने मी..."

पापांनी मान वर केली. चंद्र चांगलाच वर चढला होता, लहान आणि पांढरा. "हा काय, आहे की," ते म्हणाले आणि त्यांनी कुलपात किल्ली घातली.

"डॉक्टर नको म्हणालेत."

"डॉक्टर उद्यापासून."

चौऱ्याहत्तर पायऱ्या. पापा तीनदा थांबले. तिन्ही वेळा होविताने अंधारात त्यांचं मनगट धरून ठोके मोजले, तिन्ही वेळा त्यांनी मनगट सोडवून घेतलं. वर पोचल्यावर ते आपणहून कमानीत जाऊन उभे राहिले, हात घंटेवर. त्यांच्या खांद्याच्या वर चंद्र होता.

तिने कॅमेऱ्यातून पाहिलं. दोघे काही केल्या एका फोटोत नीट येत नव्हते. चंद्र धरला, तर पापा कोळशासारखे काळे. पापा धरले, तर चंद्र कोरा. चंद्रावरचं ते ऊन धरायला शिकण्यात तिचं अख्खं एक वर्ष गेलं होतं. तिने ते सोडून दिलं. रुग्णांचे घसे तपासायची छोटी बॅटरी खिशातून काढली आणि पापांच्या चेहऱ्यावर धरली.

"श्वास रोखून धरा, पापा. धरून ठेवा... धरून ठेवा... सोडा."

पापांनी फोटो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. न्हाव्याने गालावर केलेली चीरसुद्धा दिसत होती. डोळे उघडे होते. मागे नुसता पांढरा गोळा.

"चंद्र बिघडला की गं."

"बिघडू दे."

त्यांनी घंटेवर दोनदा थाप मारली, गोठ्यातून निघताना गाईच्या पाठीवर मारतात तशी. मग ते भिंतीला धरून उतरले. खाली कुलूप लावलं, नेहमीसारखं ओढून पाहिलं, पुन्हा एकदा ओढून पाहिलं. किल्ली खिशात टाकायला गेले, पण हातातच ठेवली.

"किती वाजले?" चौकात आल्यावर त्यांनी विचारलं.

होविताने मनगट वळवलं. दवाखान्याच्या घड्याळाशी रोज जुळवलेल्या तिच्या घड्याळात दहा वाजून पाच मिनिटं झाली होती.

"नऊ वाजून पाच, पापा," ती म्हणाली.