दुसरी सही

"ही सही तुमचीच ना?" मेट्रनबाईंनी तक्ता माझ्यासमोर सरकवला.

"माझीच."

"म्हणजे इंजेक्शन देण्याआधी सिरिंज तुम्ही बघितलीत?"

आमच्या वॉर्डात इन्सुलिन एकीनं भरायचं आणि दुसरीनं बघून सही करायची, असा नियम. मी सव्वीस वर्षं जुनी. सकाळी सकाळीच दिवसभराच्या चौकटींत सह्या ठोकून मोकळी व्हायचे आणि वर त्याला हुशारी समजायचे. त्या दिवशी नव्या सिस्टरनं घाईत दहाऐवजी तीस युनिट भरलं. तिनं मला हाकही मारली होती. "सही केलीय गं, दे तू," मी लांबूनच म्हणाले. खाटेवरचे आजोबा बेशुद्ध पडले, थोडक्यात वाचले.

"मी बघितलं तेव्हा दहाच होतं," मी म्हणाले.

"ती म्हणते, तुम्ही आलाच नाहीत."

"तिचं खरं तिच्यापाशी, माझं माझ्यापाशी."

मेट्रनबाईंनी माझ्या सव्वीस वर्षांकडे बघितलं आणि चार महिन्यांपूर्वी लागलेल्या त्या पोरीला घरी बसवलं.

रविवारी चर्चमधून परतताना बाबांना सगळं सांगितलं. बाबांनी तिथं चाळीस वर्षं मुलांना बायबल शिकवलेलं, तेव्हा मी आधीच ढाल पुढे केली. "सगळ्यांसाठी एकच खरं असं काही नसतंच, बाबा."

"हे सगळ्यांसाठी खरं आहे, की तुझ्यापुरतं?"

मी पावलं भरभर उचलली.

"सगळ्यांसाठी असेल, तर तुझं बोलणं तूच खोडलंस. तुझ्यापुरतं असेल, तर त्या पोरीच्या माथी का मारलंस?" ते चालायचे थांबले. "दहा की तीस हे ज्याचं त्याचं असतं, तर सिरिंजवर रेघा कशाला काढल्या असत्या? आत्ता तासभर प्रभूसमोर बसली होतीस. त्याला कुठलं खरं सांगितलंस?"

त्याला मी काहीच सांगितलं नव्हतं. बाबांच्या गुडघेदुखीसाठी तेवढी प्रार्थना केली होती.

सोमवारी ड्युटी संपवून त्या पोरीच्या घरी गेले. दार तिच्या आईनं उघडलं. "या, या! तिथलं कुणी फिरकलं नाही, तुम्हीच तेवढ्या आलात. सारखं तुमचं नाव घेते ती. न दुखवता सुई कशी टोचायची, ते म्हणे तुम्हीच शिकवलंत." तिनं माझी पर्स घेऊन टेबलावर ठेवली, पदरानं खुर्ची पुसली. मला त्या खुर्चीत बसवेना.

पोर बाहेर आली तसं मी उभ्यानंच सांगून टाकलं. "मी सिरिंज बघितलीच नव्हती. तुझं खरं, माझं खरं, असलं काही नव्हतं. मी खोटं बोलले."

आईचा हात खुर्चीच्या पाठीवरच राहिला. पोर माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"मेट्रनबाईंना सांगितलंत?"

"अजून नाही. धीर होईना."

तिनं घड्याळाकडे बघितलं. "पाचला निघतात त्या," ती म्हणाली आणि पर्स उचलून माझ्या हातात दिली. "चला. आत मला सोडत नाहीत, पण गेटपर्यंत येते मी."