आंदणाचे टायर

पंक्चरवाल्या वहाबचाचांनी पाना खाली ठेवला आणि गाडीभोवती एक चक्कर मारली. अहेरीच्या बाजारातून परतताना सुरेंद्रच्या गाडीचं चाक त्या महिन्यात तिसऱ्यांदा बसलं होतं. मागच्या सीटवर त्याची बायको जया मांडीवर भाजीची पिशवी धरून बसली होती. शेजारी सासू, रुखमाबाई.

"सुरेंद्र, हे पंक्चर नाई बाबा. टायरच मेला. खाचेत हे बारके उंचवटे असतात ना, रबर घासून त्याच्या बरोबरीत आलं की टायर उतरवाचा. कंपनीच खूण करून देते. तुह्या टायरची खूणबी घासली. तार निकल आया, तार! आता मी ठिगळ नाई लावत. माणसं बसवतं तू याच्यात."

"टायर येऊन राह्यले ना, चाचा. सासऱ्याले सांगतलं."

"काऊन? सासऱ्याचा कारखाना हाय का?"

चहाच्या टपरीवरचे चार जण खदखदून हसले. सुरेंद्रही हसला. चारचौघांत हसून आलेला नवरा घरी काय करतो, हे जयाच्या पाठीला माहीत होतं.

गाडी आंदणाची होती. तिचा बाप इस्तारी, तलावात जाळं टाकून पोट भरणारा माणूस. त्यानं धानाची एकुलती बांधी, होतं तेवढंच शेत, विकली आणि जावयाच्या दारात गाडी उभी केली. आणि आंदणाच्या वस्तूचं दुखणंखुपणं माहेरानंच निस्तरायचं, हा त्या घराचा कायदा. पंखा बंद पडला, पाठव माहेरी निरोप. पलंगाचा पाय मोडला, पाठव निरोप. सुरेंद्रकडे पैसा नव्हता, असं कोणी समजू नये. रोज दोन फेऱ्या खचाखच भरून व्हायच्या. पण स्वतः टायर घेतले तर जावयाचा रुबाब कुठे राहिला? घासल्या टायरांवर दहा-दहा जीव वाहायला त्याला लाज वाटत नव्हती. दुकानात जाऊन टायर घ्यायची वाटत होती.

वहाबचाचांनी पंक्चर काढलंच नाही. तेव्हा तितकंच टकलं जुनं चाक डिकीतून काढून सुरेंद्रनं चढवलं आणि गाडी घरी आणली. अंगणात पाय ठेवताच जयाच्या कानशिलात बसली.

"तुह्या बापापायी लोकं हसून राह्यले मायावर! लाव फोन त्याले!"

"नाई लावत. त्याच्यापाशी आता जाळंच उरलं."

पट्टा निघाला. पाठीवर, दंडावर, मग बकलाच्या बाजूनं मानेवर. रुखमाबाई गाडीतून उतरली ती सूप घेऊन तांदूळ पाखडायला बसली. ती म्हणाली, "तोंडावर नको मारू रे, उद्या सवाऱ्या येतीन." एवढीच तिची दया.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा पोरी पत्र्याच्या पेट्या घेऊन अंगणात उभ्या राहिल्या. दिवाळीची सुट्टी संपली होती, त्यांना जंगलापलीकडच्या आश्रमशाळेत पोचवायचं होतं. सोबत डोमा नावाचा एक बाप, बाकी सगळ्यांची जबाबदारी त्याच्यावर. एक बारकी पोर बोनटवर हात ठेवून म्हणाली, "मी समोर बसन हं, मले मागं उलटी होते."

जयानं चाकाकडं पाहिलं. तार उन्हात चमकत होती.

"अहो, नका नेऊ. उताराचा रस्ता हाय. लेकरं हायत."

"तुह्या बापाले सांग. टायर आले का लेकरं सुखात जातीन." सुरेंद्रनं विडी पेटवली. "तवर देव हाय."

जया आत गेली. मासे चिरायचा सुरा घेऊन बाहेर आली. कोणाला काही कळायच्या आत ती पुढच्या चाकाशी बसली आणि बाजूच्या पातळ रबरात तिनं दोन्ही हातांनी सुरा खुपसला. हवा फुसकन सुटली. पोरी किंचाळल्या. मागचं चाक. पुन्हा सुरा. गाडी एका अंगावर बसली, आणि सुरेंद्रच्या तोंडातली विडी गळाली.

मग त्यानं जॅकचा दांडा उचलला.

पहिल्या घावात तिचा हात मोडला. आवाज सगळ्यांनी ऐकला. दुसरा खांद्यावर, तिसरा गुडघ्यावर. ती मातीत सरपटत होती, तो केसाला धरून ओढत होता. कुंपणापाशी अर्धी गल्ली उभी होती. "नवरा-बायकोचं हाय, आपुन काऊन पडाचं?" असं एक जण म्हणाला आणि बाकीच्यांना ते पटलं. माणूस मरत असताना पटण्याजोगं कारण या देशात नेहमी तयार असतं.

डोमा चाकाशी वाकला होता. त्यानं न कापलेल्या टायरवरून तळहात फिरवला. तार बोटात घुसली. त्यानं रक्ताकडं पाहिलं, समोर बसू म्हणणाऱ्या पोरीकडं पाहिलं. ती त्याचीच होती. तो उठला, चौथा घाव हवेतच पकडला आणि सुरेंद्रला त्याच्याच गाडीवर आपटलं.

"याच्यावर नेत होता माही पोर? याच्यावर?"

दुपारी सरकारी दवाखान्यात जयाच्या हाताला प्लास्टर चढलं. डाव्या कानानं तिला ऐकू येत नव्हतं. इस्तारी आला तो मालाच्या टेम्पोतून, धापा टाकत. टेम्पोत चार नवे टायर होते. तलावातला मासेमारीचा हिस्सा विकून आणलेले; जावयाच्या घरी निघाला असताना वाटेत खबर लागली होती.

"घेऊन आलो, बाई," तो रडत म्हणाला. "आता नाई मारणार तो."

जयानं बापाकडं पाहिलं आणि तोंड फिरवलं. पोलीस हवालदार खाटेशी वही उघडून बसला होता.

"घरगुती भांडण लिहू ना, बाई? मिटते मंग लवकर."

"आंदण लिवा. गाडी मांगतली, मंग टायर मांगतले. टायर नाई आले म्हून मारलं."

"देणाऱ्यालेबी गुन्हा असते, समजलं का? बापाचं नाव येईन."

"येऊ द्या. त्यानं देल्लं म्हून यायनं मांगतलं. एक डाव देल्लं, आज पुन्हा घेऊन आला."

हवालदारानं पेन थांबवलं. इस्तारी भिंतीला धरून उभा होता. बाहेर टेम्पोवाला टायर कुठे उतरवू म्हणून ओरडत होता. इस्तारी दारापर्यंत गेला. "उतरवू नको," म्हणाला, "जिथून आणले तिथंच ने." मग तो परत आला, लेकीच्या खाटेशी खाली फरशीवर बसला आणि हवालदाराकडं बघून म्हणाला,

"लिवा साहेब. इस्तारी झिंगू मारबते. देणारा."