तांब्याच्या दोन गोळ्या

वेंडेल ऑस्टबीच्या गॅरेजमध्ये गाडी कधी उभी राहिलीच नाही. गाडी बाहेर बर्फात, आणि आत हीटरच्या उबेला त्याचं काडतुसं भरायचं टेबल. डिलन गावातले बहुतेक शिकारी दुकानातून काडतुसं आणायचे. वेंडेल मात्र स्वतःची स्वतः भरायचा. रिकामी पुंगळी साफ करायची, बुडाला ठिणगी देणारी नवी टोपी बसवायची, बंदुकीची दारू तोलून आत ओतायची आणि वरून गोळी दाबून बसवायची. गोळी दाबायच्या यंत्राचा, म्हणजे प्रेसचा दांडा खाली ओढताना याचा चेहरा जेवढा गंभीर होतो तेवढा चर्चमध्येही होत नाही, असं त्याची बायको आयरिस म्हणायची.

आयरिसमुळेच त्याने शिशाच्या गोळ्या सोडल्या. एका हिवाळ्यात तिला रस्त्याकडेला मान टाकून बसलेला सोनेरी गरुड सापडला. शिकाऱ्यांनी माळावर टाकलेली आतडी त्याने खाल्ली होती, आणि आतड्यांत शिशाचे कण होते. पशुवैद्याकडे पोचायच्या आत तो तिच्या मांडीवरच गेला. घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "तुझं ते शिसं माझ्या घरात नको." वेंडेलने वाद घातला नाही. तेव्हापासून घरात फक्त तांब्याच्या गोळ्या आल्या.

आता आयरिस नव्हती. मुलगी मार्ला बिलिंग्स शहरात नोकरी करायची आणि एल्कच्या, म्हणजे डोंगरातल्या त्या मोठ्या हरणांच्या, शिकारीच्या मोसमाआधी न चुकता बापाकडे यायची. या वर्षी ती आली तेव्हा टेबलावर गोळ्यांचे दोन डबे होते. दोन वेगळ्या कंपन्यांचे. आतल्या गोळ्यांचं वजन सारखं, रंग सारखा, टोकाचं भोकही सारखं. एकीच्या अंगावर तीन खाचा होत्या, दुसरीच्या चार. चार खाचांची जराशी लांब, एवढाच काय तो फरक.

"एल्कला काय फरक पडणार आहे, डॅड?" मार्ला हसून म्हणाली.

"पडतो. तांबं शिशासारखं मऊ नसतं, पोरी. लांब जाता जाता वेग कमी झाला की काही गोळ्यांचं टोक उमलतच नाही. सुईसारखी आरपार जाते, आणि जनावर दिवसभर तडफडत फिरतं. यातली कुठली उमलते ते बघायचंय." त्याने लांब गोळी चिमटीत धरली. "आणि ही पुंगळीत खोल बसते, जागा खाते. हिला दारू कमी. हे विसरलं की रायफल तोंडावर फुटायची."

हे त्याने तिला लहानपणापासून शंभरदा सांगितलं होतं. तरी तिने ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गावाबाहेर खडीच्या खाणीपाशी गेले. वेंडेलने भरलेल्या काडतुसांतली पहिली काही मार्लाने झाडली. निशाणाच्या कागदावर भोकं एकमेकांना चिकटून पडली. वेंडेल दुर्बिणीतून बघत खुशीत गुणगुणायला लागला. पुढच्या बाराचा आवाज मात्र वेगळाच आला. रायफलने खांद्याला धक्का दिला तोही वेगळा. पुंगळी बाहेर काढायचा खटका, बोल्ट, उघडेना. मार्लाने तळहाताने ठोकून तो उघडला, तेव्हा पुंगळीच्या बुडाची टोपी जादा दाबाने पार चपटी झालेली दिसली.

तिने रायफल रिकामी केली. "आज पुरे, डॅड."

घरी येऊन तिने उरलेली काडतुसं एकेक ठोकून गोळ्या बाहेर काढल्या. दोन्ही प्रकार एकमेकांत मिसळले होते. लांब गोळ्यांखाली आखूड गोळ्यांची दारू होती.

"डबे तू हलवलेस," वेंडेल म्हणाला.

"मी हातसुद्धा लावला नाही."

"मग कंपनीनेच भेसळ केली असणार! हल्ली कुणाला कशाची पर्वा नाही."

मार्लाने दोन गोळ्या त्याच्या तळहातावर ठेवल्या. "यातली चार खाचांची कुठली?"

त्याने अंगठा फिरवला. आधी एकीवर, मग दुसरीवर. चष्मा चढवला. दिवा जवळ ओढला. ओठ हलवत खाचा मोजल्या, मध्येच थांबला, पुन्हा पहिल्यापासून मोजल्या.

"ही."

त्याने मान वर करून मार्लाच्या चेहऱ्याकडे बघितलं.

"नाही ना?"

"नाही, डॅड."

वेंडेल स्टुलावर बसला. म्हणाला, "उन्हाळ्यात पोस्टातून घरी येताना रस्ता चुकलो होतो. चाळीस वर्षांचा रस्ता."

"मला सांगितलं का नाहीस?"

"आत्ता बघतेयस ना माझ्याकडे, तशी बघत बसली असतीस म्हणून."

मग तो उठला, पाना घेतला आणि टेबलाखाली वाकून प्रेसचे नट सोडवायला लागला. पाना दोनदा सटकला, बोट सोललं. मार्ला पुढे झाली तर त्याने तिला हातानेच थांबवलं. प्रेस निघाल्यावर त्याने तो दोन्ही हातांनी उचलून तिच्या गाडीत नेऊन ठेवला. "रायफलमागे तोंड तुझं होतं," एवढंच म्हणाला आणि आत गेला.

पुढची तुलना मार्लाने एकटीने केली. बिलिंग्सच्या स्वयंपाकघरात काडतुसं भरली, मुद्दाम मंद वेगाची, आणि माळावर पाण्याचे कॅन ओळीने मांडून झाडली. तीन खाचांची गोळी जेमतेम उमलली. चार खाचांची मात्र फुलासारखी उलगडली होती. तिने लगेच फोन लावला.

"चार खाचांची, डॅड."

"पाकळ्या किती?"

"चारही उघडल्या."

"वा!" तो म्हणाला. हवापाण्याचं बोलणं झालं, कुत्र्याचं झालं. मग तो उत्सुकतेने म्हणाला, "बरं, त्या गोळ्यांचं काय झालं? पाकळ्या किती?"

मार्लाने डोळे मिटून घेतले. "चारही, डॅड."

नोव्हेंबरात ती त्याला घेऊन डोंगरात गेली. वेंडेल रायफलीशिवाय, थर्मास मांडीवर घेऊन गाडीत बसून राहिला. मार्लाने वरच्या उतारावर एल्कची मादी टिपली. दोन पावलं टाकून मादी कोसळली. मार्ला खाली येऊन बापाला वर घेऊन गेली. बर्फ भुरभुरत होता.

त्याने सुरी हातात घेतली आणि मार्ला बघतच राहिली. हात जराही अडखळला नाही. कातडं अलगद सुटत होतं, सांधे एकेक करून मोकळे होत होते. मध्येच तो तिच्यावर खेकसलाही, "पाय नीट धर की! झोपलीस काय?" तिला रडू आलं आणि हसूही. मांसाच्या पिशव्या त्यांनी फांदीला टांगल्या. वेंडेलने बर्फाने हात पुसले आणि खाली जाणाऱ्या त्यांच्याच पावलांच्या ठशांकडे बघितलं.

"गाडी कुठल्या बाजूला, पोरी?"

गाडी खाली समोरच दिसत होती. मार्लाने त्याचा दंड धरला. आजवर त्याने कधी कुणाला धरू दिलं नव्हतं. आज धरू दिलं.

गाडीत बसवून, हीटर लावून तिने त्याच्या पायांवर ब्लँकेट टाकलं आणि किल्ली काढून खिशात घालावी की नाही, याचा क्षणभर विचार केला. मग हीटर सुरू राहिला पाहिजे म्हणून किल्ली तिथेच राहू दिली. मांस आणायला ती एकटीच पुन्हा चढायला लागली. दर थोड्या वेळाने वळून बघत होती. काचेआड त्याची टोपी दिसायची आणि मग ती पुढचं पाऊल टाकायची.