घंटा वाजली, कोणी आलं नाही

खात्यात तिला पाठीमागे सगळे भिंगरी म्हणत. एखाद्या तुरुंगात काही विपरीत घडलं की चौकशीला तिला धाडायचे, आणि ती जाईल तिथे खुर्चीला म्हणून टेकायची नाही. बोलायची ती फेऱ्या मारत, चहा प्यायची तो उभ्यानं. नवरा म्हणायचा, "तुझ्या पायाखाली कोणी निखारे पसरलेत का गं?" ती हसायची आणि हसता हसताच खिडकी लावायला उठायची.

या वेळचं प्रकरण वरवर पाहता सरळ होतं. तुरुंगातल्या सुतारकामाच्या शेडमध्ये एका कैद्यानं भर दुपारी पहाऱ्यावरच्या रक्षकाच्या मांडीत पटाशी खुपसली होती. कैद्याची आई शेवटच्या घटका मोजत होती, त्याची रजा नामंजूर झाली होती, आणि राग निघाला तो समोर सापडला त्याच्यावर. कबुलीही देऊन झाली होती. रक्षक वाचला तो शेडमधल्याच एका जन्मठेपेच्या कैद्यामुळे. या म्हाताऱ्याला सगळे मिस्त्री म्हणत. त्यानं रक्षकाचाच पट्टा काढून त्याच्या मांडीला आवळला आणि धरून बसला.

"गुन्हेगार सापडला, कबुली झाली. आता उकरायचं काय राहिलं?" अधीक्षक म्हणाले.

"माणूस रक्ताच्या थारोळ्यात पडला होता आणि मदत यायला इतका वेळ का लागला, ते राहिलं."

"अशा गोंधळात वेळ लागतोच हो, मॅडम."

ती थेट दवाखान्यात गेली. रक्षक उशीला टेकून पडला होता, चेहरा खडूसारखा पांढरा. शेजारी त्याची बायको बसली होती.

"धोक्याचं बटण दाबलं होतं, मॅडम," तो म्हणाला. "नुसतं दाबलं नाही, दाबूनच धरलं. वाटत होतं, आत्ता येतील, आत्ता येतील. मग हातातलं बळच गेलं."

बायको मध्येच म्हणाली, "घंटा जिथे वाजते तिथे त्या वेळी कोण बसलं होतं? मला फक्त त्याचं नाव सांगा. बाकी काही नको."

भिंगरीनं नाव सांगितलं नाही. चौकशी अजून चालू आहे, एवढंच म्हणाली. पण ते वाक्य तिचं तिलाच फोल वाटलं.

दुसऱ्या दिवशी अधीक्षकांनी तिला घंटा वाजते त्या नियंत्रण कक्षात नेलं. कोणाला तरी शेडमध्ये पाठवून बटण दाबायला लावलं. घंटा अशी खणखणली की मेलेलाही उठून बसावा. "बघा," असं अधीक्षकांनी तोंडानं म्हटलं नाही, पण भुवयांनी म्हटलं. खोलीतले सगळे ताठ उभे होते. आणि नेमकं तेच तिला टोचू लागलं. एवढी ठणठणीत घंटा ऐकून त्या दिवशी एकही माणूस हलला नव्हता?

घरी तिनं अर्धवट जेवून ताट बाजूला सारलं. नवऱ्यानं तिला आवडतं म्हणून दार उघडून अंगणातला दिवा लावून दिला. ती अंगणात येरझाऱ्या घालत राहिली.

दोन दिवसांनी ती कोणालाही न कळवता शेडमध्ये गेली. काम जोरात चालू होतं. मोठी यंत्रकरवत किंचाळत होती, हवेत भुसा तरंगत होता. पहाऱ्यावरच्या रक्षकाला ती म्हणाली, "मी बटण दाबणार आहे. तू जागचा हलू नकोस, कोणाला खूणही करू नकोस." त्याचा चेहरा पडला. तेवढ्यावरूनच तिला निम्मं कळलं.

तिनं बटण दाबलं आणि थांबली.

कैद्यांनी एकेक करून हातातलं काम थांबवलं. करवत बंद झाली. दार बाहेरून बंद, आत ती, एक बिचकलेला रक्षक, आणि हातात रंधे नि पटाश्या घेतलेली ती माणसं. एक दांडगा तिच्याच दिशेनं चालत आला. त्यानं तिच्या मागच्या फळीवरचा पॉलिशपेपर उचलला आणि तो परत गेला. तिला येरझाऱ्या घालायच्या होत्या, पण पाय उचलेना. बाहेर कुठे बुटांचा आवाज नाही, किल्ल्यांचा नाही. तिनं बटण पुन्हा दाबलं.

"बाई, बसून घ्या," मिस्त्री म्हणाला. त्याच्या बोलण्यात टिंगल नव्हती. "मी त्याची मांडी धरून बसलो होतो ना, तेव्हाही असंच."

कधी तरी कुलूप वाजलं. आत आला तो नियंत्रण कक्षातला रक्षक, अगदी रमतगमत. "काय रे, परत फुकटची वाजली वाटतं?" म्हणेपर्यंत त्याची नजर तिच्यावर गेली आणि तो दारातच थबकला.

त्याला तिनं बाहेर व्हरांड्यात घेतलं. तिथे त्याचा बांध फुटला. "करवत सुरू केली की घंटा आपोआप वाजते, मॅडम. दिवसभर. पहिले काही दिवस आम्ही जीव तोडून धावलो. इथे येऊन बघावं तर सगळे मजेत. वर सांगितलं, बघू म्हणाले. परत सांगितलं, परत बघू. मग काय करायचं? वाजली की बंद करायची, आणि सवड मिळाली की डोकावून जायचं. त्या दिवशीही मला वाटलं..."

"फक्त तू?"

"सगळेच. तो सुद्धा. आता दवाखान्यात पडलाय, पण गेल्या महिन्यात घंटेपाशी त्या खुर्चीवर तोच असायचा."

अधीक्षकांचा निर्णय तयारच होता. या रक्षकाला निलंबित करायचं आणि प्रकरण मिटवायचं.

"त्याला घरी बसवाल," ती म्हणाली, "उद्या त्या खुर्चीवर दुसरा बसेल आणि तोही हेच करेल. दोष घंटेच्या तारेत आहे, आणि तुमच्या 'बघू'त आहे. घंटा दुरुस्त होईपर्यंत शेड बंद."

"अहो, शेडमध्ये बाकांचं काम अर्धवट आहे!"

"राहू दे."

शेड बंद झाली. त्याची झळ अधीक्षकांना लागली त्याहून जास्त कैद्यांना लागली, कारण कोठडीबाहेर श्वास घ्यायची त्यांची तेवढीच जागा होती. गजाआडून मिस्त्री म्हणाला, "बाई, घंटा तुमची बिघडली आणि कोंडलं आम्हाला." त्या आठवड्यात ती वायरमनच्या हात धुऊन मागे लागली. शेवटी घंटेची तार करवतीच्या तारेपासून वेगळी काढली गेली. वाजली की धावायचंच, आणि फुकट वाजली तर त्याच दिवशी दुरुस्ती, हा नियम तिनं अधीक्षकांच्या सहीनं लावून घेतला. रजा नाकारली की कैदी कामावर जाण्याआधी त्याला कोणीतरी समोर बसवून ते सांगावं, हेही. शेवटची सही करून अधीक्षकांनी तिच्याकडे न बघताच कागद सरकवला.

दवाखान्यात तिनं सगळं सांगितलं, मात्र 'तो सुद्धा' एवढं गिळलं. बायकोनं पुन्हा नाव विचारलं. तेव्हा रक्षकानंच तिचा हात धरला. "नाव कोणाकोणाचं घेशील? मीही बंद करायचो. रोज."

बायकोनं हात सोडवून घेतला आणि ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. मग म्हणाली, "आणि तू बंद केलीस तेव्हा दुसरं कोणी पडलं असतं तर?"

तो रडू लागला. भिंगरी हळूच बाहेर पडली.

त्याचा पाय पुढे पूर्ण सरळ झाला नाही. त्यानं स्वतःहून नियंत्रण कक्षात बदली मागून घेतली. तो कामावर जाऊ लागला त्या सकाळी त्याच्या बायकोचा फोन आला. तिनं नमस्कार वगैरे काही केला नाही.

"त्याला तिथे धोका नाही ना?"

'नाही' म्हणायला भिंगरीचं तोंड उघडलं होतं. "पूर्वीपेक्षा कमी आहे," ती म्हणाली.

"खरं बोललात, ते बरं केलंत," बायको म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.