माझा आवाज गेला तेव्हा

मित्रांनो, शिलाई मशीनच्या शेजारी, खिडकीखालच्या टेबलावर बसलेला जुना संगणक तो मीच. एके काळी मी पांढराशुभ्र होतो. आता पिवळट पडलो आहे. पहिली चार वर्षं मी एका विमा कचेरीत राबलो. पुढे नवे संगणक आले आणि माझी रवानगी अडगळीत झाली. तिथून मला घरी आणलं ते आमच्या बाईंनी.

बाईंना जन्मापासून दिसत नाही. पडद्यावरचं सगळं मी त्यांना वाचून दाखवतो आणि त्या शाळेची पुस्तकं ब्रेलमध्ये उतरवतात. काय ती बोटं! आणि काय ते कान! मी एखादा शब्द चुकीचा उच्चारला, तर त्या लगेच मला दुरुस्त करतात. असे हजारो शब्द त्यांनी मला शिकवले आहेत. त्यांच्या सासूबाई त्याच खोलीत कपडे शिवतात. माझं आणि त्यांचं तेव्हा फारसं सूत जमत नव्हतं. धूळ तेवढी पुसायच्या, तीही हात लांब करून.

एके दिवशी माझ्यात सुधारणा, म्हणजे अपडेट, चालू असतानाच वीज गेली. परत आली तेव्हा मी मुका झालो होतो. आवाज काढणारी माझी एक फाइल अर्धवटच लिहिली गेली होती. तिकडे अंध शाळेतली अकरा मुलं परीक्षेसाठी विज्ञानाच्या पुस्तकाची वाट पाहत होती आणि शेवटचे दोन धडे अजून माझ्याच पोटात होते.

बाईंनी दुरुस्तीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "आवाजाची फाइल अर्धवट राहिली असणार. तिला कुलूप असतं हो. ते तोडा आणि फाइल उडवून द्या. नाहीतर आणून टाका माझ्याकडे, सगळं पुसून नव्याने भरतो."

"पुसायचं नाही," बाई म्हणाल्या. "आणि तोडायचंही नाही."

त्यांनी फोन ठेवला. मग त्यांनी हाक मारली, "आई, जरा माझे डोळे व्हाल?"

सासूबाई चष्मा पुसत आल्या. "मला यातलं ओ की ठो कळत नाही गं. इंग्रजी अक्षरं तेवढी येतात."

"तेवढी पुरेत. हा संगणक चालू असताना आवाजाची फाइल घट्ट धरून ठेवतो, म्हणून आत्ता बदलता येत नाही. त्याला सांगून ठेवायचं, पुढच्या वेळी सुरू होताना, ती हातात घेण्याआधीच नवी बसव."

"म्हणजे मशीन चालू असताना सुई बदलायची नाही."

"अगदी तसंच!"

माझ्यासोबत आलेली मूळ तबकडी, म्हणजे सीडी, बाईंनी जपून ठेवली होती; नवी फाइल तिच्यातूनच घ्यायची होती. दुसरीकडची फाइल माझ्या मापाला बसलीच असती असं नाही. आधी त्यांनी खराब फाइलची प्रत वेगळ्या नावाने बाजूला ठेवली.

"बिघडलेली कशाला जपायची?" सासूबाईंनी विचारलं.

"नवी जमली नाही, तर निदान आत्ता आहोत तिथे परत येता येईल."

मग आज्ञा लिहिणं सुरू झालं. बाई टंकायच्या, सासूबाई एकेक अक्षर वाचायच्या. मी दोनदा नकार दिला. माझा तरी काय इलाज? लिहिलेल्या ठिकाणी फाइल नव्हतीच!

"आई, फाइलच्या पत्त्यातल्या त्या तिरक्या रेघा कशा आहेत? पुढे झुकलेल्या की मागे रेललेल्या?"

सासूबाईंनी नाक पडद्याला टेकवलं. "एक पुढे झुकलीय. बाकीच्या आरामात मागे रेलल्यात."

"सापडली लबाड!" बाईंनी रेघ बदलली. मी आज्ञा स्वीकारली. त्यांनी मला बंद करून पुन्हा सुरू केलं.

पंखा घरघरला. पडदा उजळला. बाई माझ्याकडे कान लावून बसल्या होत्या. सासूबाईंनी त्यांचा हात धरला होता. आणि मी बोललो, नेहमीच्या माझ्या सुसाट वेगात.

"अगं बाई, हे तर बरळायला लागलं! पुरतं बिघडलं की गं!" सासूबाई घाबरल्या.

बाई मात्र हसत होत्या आणि डोळ्यांना पदर लावत होत्या. "आई, हा असाच बोलतो. मला इतकंच भरभर लागतं."

"आणि तुला हे कळतं? सगळं?"

"सगळं."

सासूबाई खुर्ची ओढून सुनेशेजारी बसल्या. दहा वर्षं त्यांनी माझी बडबड मशीनच्या खडखडाटाआडून ऐकली होती, पण सूनबाई रोज काय करतात हे त्यांना त्या दुपारी कळलं. बाईंनी माझा वेग अगदी कमी केला. मी 'प्रकाशाचे अपवर्तन' हा धडा सावकाश वाचला, आणि हातातलं शिवण विसरून सासूबाईंनी तो शेवटपर्यंत ऐकला.

पुस्तक वेळेवर गेलं. मित्रांनो, माझ्यासारख्याचं काही बिघडलं, तर कुलूप पाहून चिडू नका. ते तुमच्याच कामाच्या राखणीला असतं. जुन्याची प्रत ठेवा, नवं खात्रीच्या जागेवरून घ्या आणि मला बंद होऊन पुन्हा सुरू व्हायला एक क्षण द्या. एकट्याला जमत नसेल, तर घरातल्याच कुणाला तरी शेजारी बसवा. आमच्या घरात आता बसायला दोन खुर्च्या लागतात.