उरलेला जोर

संशोधिकेनं स्पिरिटचा बोळा ताईंच्या मांडीवर तिसऱ्यांदा घासला, हातानं वारा घालून कातडी वाळवली आणि गोल चिकटपट्ट्या लावायला घेतल्या. दोन पट्ट्या गुडघ्याच्या वर बाहेरच्या अंगाला, दोन आतल्या. प्रत्येकीला एकेक तार जोडत ती म्हणाली,

"गार लागतंय का, आजी?"

"लागतंय. आणि आजी म्हणू नकोस. मला मूलबाळ नाही, मग आजी कुठून होणार?"

"मग काय म्हणू?"

"छापखान्यात सगळे ताई म्हणायचे. मालकसुद्धा."

ताईंनी छापखान्यात एकतीस वर्षं मुद्रितं तपासली होती. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी समोर कागद आला की त्यांचा उजवा हात लाल पेन शोधायचा. इथे प्रयोगशाळेत आल्या आल्या त्यांनी संमतिपत्रातल्या तीन चुका काढून दिल्या होत्या. संशोधिका कानकोंडी झाली होती, पण तिनं त्या तिथल्या तिथे दुरुस्तही केल्या होत्या. ताईंना ती तेवढ्यावरच आवडून गेली.

खुर्ची दंतवैद्याकडे असते तशी होती, फक्त पट्टे जास्त. एक छातीवरून, एक कमरेवरून आणि तिसरा घोट्याला, यंत्राला जोडलेला. समोरच्या पडद्यावर हिरवी रेघ होती.

"मी म्हटलं की पाय पुढे ढकलायचा, अगदी जीव खाऊन," संशोधिका म्हणाली. "पट्टा हलणार नाही, तरी ढकलायचा. तुम्ही सगळ्यात जास्त जोर लावलात की मी एक बारीकसा विजेचा झटका देईन."

"तो कशाला?"

"तुमचा सगळा जोर लागलेला असेल, तर झटक्यानं रेघ आणखी वर जाणार नाही. गेली, तर तेवढा जोर आत शिल्लक होता."

"म्हणजे खोटं बोलायची सोय नाही."

संशोधिका हसली. "खोटं कुणीच बोलत नाही, ताई. प्रत्येकाला वाटतं की आपण काही बाकी ठेवलं नाही."

ताईंनी खुर्चीचे हात घट्ट धरले.

"चला! ढकला! अजून, अजून, सोडायचं नाही, लावा जोर, लावा!"

इतक्या शांत बाईच्या गळ्यातून एवढा आवाज निघेल असं ताईंना वाटलं नव्हतं. त्यांनी डोळे मिटून ढकललं. मांडी थरथरली, कानशिलं तापली. मग टाचणी टोचावी तसा झटका बसला. डोळे उघडले तेव्हा पडद्यावर रेघेचा डोंगर होता आणि त्याच्या माथ्यावर एक छोटं टोक उगवलं होतं.

"ते टोक म्हणजेच शिल्लक ना?"

"हो. पण आकडा आज सांगता येत नाही. बारा आठवड्यांनी, शेवटच्या चाचणीनंतर."

"सांगू नकोस. दिसतंय मला," ताई म्हणाल्या.

वाचनालयातल्या फलकावर त्यांनी ती सूचना वाचली होती. साठीपुढच्या माणसांच्या स्नायूंच्या ताकदीचा अभ्यास, आठवड्यातून दोनदा व्यायाम, जाण्यायेण्याचा खर्च मिळेल. शेजारीण म्हणाली, या वयात वजनं उचलून कुठल्या कुस्तीच्या फडात उतरायचंय? ताईंनी हसून वेळ मारून नेली. खरं कारण त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

मागल्या वर्षी एका दुपारी त्यांचा नवरा न्हाणीघरात पडला. आवाज ऐकून त्या धावल्या. तो कुशीवर पडला होता, डोकं भिंतीशी, शुद्धीवर. त्यांनी आधी शेजारची दोन्ही दारं ठोठावली. दोन्हींना कुलूप होतं. रुग्णवाहिकेला फोन केला, आणि मग त्याच्या काखेत हात घालून उचलायला लागल्या. एकदा, दोनदा, पाच वेळा. आजारानं त्याचं वजन छप्पन्न किलोवर आलं होतं, तरी अंग फरशीवरून वीतभरही हललं नाही. सहाव्या वेळी तो म्हणाला, "राहू दे."

हे शब्द त्याच्या तोंडून ताईंनी जन्मभर ऐकले होते. त्या बल्ब बदलायला स्टुलावर चढल्या की, गॅसची टाकी सरकवायला गेल्या की, पन्नाशीत सायकल शिकते म्हणाल्या तेव्हा. "राहू दे, तुझ्याच्यानं नाही व्हायचं." ती काळजी होती की कमी लेखणं, हा वाद त्या मनातल्या मनात चाळीस वर्षं घालत आल्या होत्या. त्या दुपारी पुढचं वाक्य तो बोलला नाही. नुसतंच "राहू दे".

मग त्यांनी उशी आणली, चादर घातली, आणि बादली उपडी टाकून त्याच्या कपाळावर हात ठेवून बसून राहिल्या. रुग्णवाहिका यायला अडीच तास लागले. रुग्णालयात डॉक्टर सहज बोलून गेले, "हाडाबिडाला काही नाही. पण इतका वेळ ओल्या फरशीवर राहू द्यायला नको होतं." छातीत न्यूमोनिया झाला. अकराव्या दिवशी तो गेला.

तेव्हापासून ताई एकच ओळ तपासत होत्या. आपण सगळा जोर लावला होता का?

मंगळवारी आणि शुक्रवारी, सकाळी साडेदहाला, त्या प्रयोगशाळेत जायच्या. पायांनी ढकलायची फळी, मग जमिनीवरून उचलायची खोकी, आधी सहा किलोंची, मग आठ, मग बारा. पाठ ताठ, खोकं अंगाशी, जोर टाचांतून. संशोधिका शेजारी उभी राहून मोजायची आणि शेवटच्या दोन वेळांना ओरडायची. सांगितल्या वेळी ओरडणं हाही अभ्यासाचाच भाग होता. कमी नाही, जास्त नाही, सगळ्यांना सारखं. ताईंना हे ठाऊक होतं. तरी बसमध्ये बसल्यावर ताई त्या ओरडण्याचीच वाट पाहत असायच्या.

मधल्या दिवसांत कधी कधी संध्याकाळपर्यंत त्यांनी स्वतःचा आवाज ऐकलेला नसायचा. भाचीचा फोन आला की आधी घसा खाकरावा लागायचा. भाची विचारायची, "झोपली होतीस का, मावशी?" आणि ताई म्हणायच्या, "हो, जरा डोळा लागला होता." जागेपणी कुणाशी बोललो नाही हे सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.

संशोधिकाही फारशी बोलकी नव्हती. ती दुपारचं जेवण पडद्यासमोर, डब्याचं झाकण कीबोर्डवर ठेवून, आकडे बघत उरकायची. एकदा ताईंनी विचारलं, "घरी कोण कोण?" तर म्हणाली, "मी आणि घरमालकाचं मांजर. तेही फक्त पाऊस असला तरच." पुढे दोघींनी एकमेकींना घरचं काही विचारलं नाही.

बाराव्या आठवड्यात पुन्हा ती खुर्ची, त्या तारा. ताईंनी ढकललं, संशोधिका ओरडली, झटका बसला. या वेळी डोंगर उंच होता आणि माथ्यावरचं टोक शोधावं लागत होतं.

"आता सांगते," संशोधिका म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. "तेव्हा तुम्ही असलेल्यातला ब्याऐंशी टक्के जोर लावत होतात. आज चौऱ्याण्णव. आमच्या सगळ्या गटात एवढा फरक कुणाचाच नाही, ताई."

"मांडीवर मांस चढलं म्हणून?"

"तीच तर गंमत आहे. मांडीचं माप जवळजवळ तेवढंच आहे. इतक्या थोड्या दिवसांत मांस फारसं चढतच नाही. ताकद तुमच्यात आधीपासूनच होती. मेंदूला ती सगळी वापरायची सवय नव्हती, एवढंच."

"आधीपासूनच होती," ताई म्हणाल्या.

"हो ना. छान नाही?"

ताई छातीवरच्या पट्ट्याची कडी सोडवायला लागल्या, पण बोटं नुसतीच कडीवरून घसरत होती. संशोधिकेनं वाकून ती सोडवली आणि मग तिला त्यांचा चेहरा दिसला.

तेव्हा ताईंनी सांगितलं. न्हाणीघर, कुलपं, सहा वेळा, अडीच तास. कुणा दुसऱ्याचं मुद्रित वाचून दाखवावं तसं, एका सुरात, न थांबता.

संशोधिकेनं सगळ्या तारा गुंडाळल्या. "खुर्चीत बसून पाय ढकलणं वेगळं आणि पडलेलं माणूस उचलणं वेगळं," ती शेवटी म्हणाली. "या आकड्यावरून ते नाही सांगता येणार."

"मग कशावरून येईल?"

संशोधिकेनं तारांचं भेंडोळं खणात ठेवलं.

"तुझं वजन किती?" ताईंनी विचारलं.

"सत्तावन्न." आणि मग तिला प्रश्न कळला. "नाही, ताई. नियमात बसत नाही. तुमच्या पाठीला काही झालं तर?"

"अभ्यास संपला ना? सही करून देते हवं तर."

संशोधिकेनं घड्याळाकडे पाहिलं, मग दाराकडे. उठून तिनं कडी लावली, व्यायामाची गादी जमिनीवर पसरली आणि बूट काढून ताईंनी दाखवलं तशी कुशीवर पडली, डोकं भिंतीशी.

"अंग सैल सोड. मदत अजिबात करायची नाही."

"नाही करत."

ताई तिच्या मागे उकिडव्या बसल्या. काखेतून हात घालून त्यांनी तिच्या छातीवर बोटं गुंफली. पाठ ताठ, ओझं अंगाशी, जोर टाचांतून. पहिल्यांदा हात निसटले. दुसऱ्यांदा त्यांनी तिला बसतं केलं आणि तिचं डोकं आपल्या खांद्यावर टेकवून श्वास घेतला. तिच्या केसांना स्पिरिटचा वास येत होता. या वेळी ओरडायला कुणी नव्हतं. ताईंनी दात आवळले आणि उठल्या, आणि ती त्यांच्यासोबत उठली, आणि एका दमात बुटक्या बाकावर बसलीसुद्धा.

"झालं!" संशोधिका म्हणाली. "ताई, उचललंत तुम्ही मला."

ताई धापा टाकत तिच्या पायांकडे बघत होत्या. गादीवर, जिथे तिचा पाय होता तिथे, कापडाला एक लांब चुणी पडली होती.

"तू टाच लावलीस."

"नाही." तिनंही चुणी पाहिली. "लावली बहुतेक. पण ठरवून नाही, खरंच. कुणी उचलायला लागलं की पाय आपोआप जमीन शोधतो. तुम्ही बजावलं होतंत, मी थांबवायचंही बघितलं. नाही थांबवता आलं."

"आपोआप," ताई म्हणाल्या.

त्या बाकावर तिच्या शेजारी बसल्या. बाहेर कुणीतरी दाराची मूठ फिरवून पाहिली आणि निघून गेलं. घाम पुसायला संशोधिकेनं टॉवेल पुढे केला, तो ताईंनी घेतला आणि तसाच मांडीवर ठेवला.

"आदल्या संध्याकाळी ते स्वतः चालत खिडकीपर्यंत गेले होते," त्या म्हणाल्या. "काठी न घेता. पडदा सारून बराच वेळ उभे होते. मी म्हटलं, पाय दुखतील, बसा. तर म्हणाले, पायांना काही झालेलं नाही."

संशोधिकेची नजर पुन्हा गादीवरच्या चुणीकडे गेली.

"मी वर्षभर माझाच जोर मोजत बसले," ताई म्हणाल्या. "त्या दुपारी मी एकटीच उचलत होते."