जायफळाचे वळसे

सारजाबाईने बाळाच्या तळपायावर टिचकी मारली. पाय हलला नाही. तिने पुन्हा मारली, जरा जोरात. तळवा लाल झाला, पण बाळाने पाय आखडून घेतला नाही की तोंड वाकडं केलं नाही. तिने करंगळी त्याच्या ओठांत दिली. भुकेलं लेकरू झोपेतही बोट ओढतं; हे ओढेना.

"सायली," तिने हाक मारली. "ए बाई, ऊठ की गं."

बाहेर पाणी खेचायच्या मोटारींची घरघर चालली होती. आठवड्याने नळाला पाणी आलं होतं आणि मुकुंदवाडीतल्या त्या गल्लीत जो तो पाइप, ड्रम आणि बादल्यांच्या मागे लागला होता. सायलीची आई मोनिकाही त्यातच होती. ती शेजारच्या खोलीत राहायची. पाणी भरून होईस्तोवर हिला बघा म्हणून रडतं बाळ तिने सारजाबाईच्या मांडीवर दिलं होतं आणि पळाली होती. बाळ रडतच राहिलं. सारजाबाईने बेंबीभोवती हिंगाचं पाणी लावलं, खांद्यावर घेऊन फिरवलं, गाणं म्हटलं. तरी रडणं थांबेना, तेव्हा तिने सहाणेवर जायफळाचे तीन वळसे दुधात उगाळले आणि बोटाने चाटवले. थोड्या वेळाने बाळ झोपलं. तिला बरं वाटलं. ती मेथी निवडत बसली.

आता मेथी तशीच पडली होती. पदराचा ओला कोपरा तिने बाळाच्या डोळ्यांवरून फिरवला. पापणी अर्धी उघडली, आतलं बुबुळ कुठेच न बघता वर गेलं आणि पापणी मिटली. 

तिने आपल्या अजिनाथला जायफळ दिलं होतं, त्याच्या बहिणीला दिलं होतं. पिशोरकडच्या वाडीवर मेंढरांच्या मागे हिंडायची तेव्हा किती बायांच्या लेकरांना दिलं असेल. कुणी असं निपचित पडलं नव्हतं. पण ही सायली त्या लेकरांसारखी नव्हती. मोनिकाची दोन पोटं आधी वाया गेली होती. ही दिवस भरायच्या आत आली आणि कितीतरी दिवस काचेच्या पेटीत राहिली. घरी आणली तेव्हा तिचा बाप सोमनाथ बायकोला बजावून सांगत होता, की डॉक्टरने लिहून दिल्याशिवाय हिच्या तोंडात काही जायचं नाही, गुटी नाही, मध नाही, काहीच नाही. भिंत पातळ होती. सारजाबाईने ते आपल्या कानांनी ऐकलं होतं, आणि पुरुषाला लेकरातलं काय कळतं म्हणून सोडून दिलं होतं.

सहाण तिच्या समोरच होती, ओली. एकदा तिच्या मनात आलं, की ती धुऊन पालथी घालावी. बाळ जागं होईल. नाही झालं तर कुणाला काय कळणार आहे. मग त्या विचाराचीच तिला इतकी भीती वाटली, की बाळाला छातीशी धरून ती उठली आणि अनवाणीच दारात आली.

"मोनिका! पाणी ऱ्हाऊ दे. इकडं ये."

मोनिका कोपरापर्यंत भिजलेली आली. बाळाला हातात घेतलं, हलवलं, गालाला गाल लावला. मग ती सारजाबाईकडे बघत राहिली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. काय झालं, असं तिने विचारलंच नाही. सारजाबाईला ते तेव्हा खटकलं नाही.

सोमनाथ वाळूजच्या एका कारखान्यात रात्रपाळी करून आला होता आणि भिंतीपलीकडे झोपला होता. त्याला उठवलं. तो बनियनवरच बाहेर आला, बाळाला बघितलं आणि शर्ट अडकवत नाक्याकडे धावला. रिक्षा आली तेव्हा सारजाबाईला कुणी चल म्हटलं नव्हतं. ती आपणहून चढली.

घाटी दवाखाना काही जवळ नव्हता. जालना रोडवर नेहमीची गर्दी होती. सोमनाथने बाळाला मांडीवर आडवं धरलं होतं आणि दर सिग्नलला तो हाक मारत होता, "सायली, ए सायली." ओरडत नव्हता. हळू, अगदी आर्जवाने हाक मारत होता. सारजाबाईने त्याला असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. मोनिका बाहेर बघत होती आणि तिचे दात वाजत होते, भर उन्हाच्या वेळी. सारजाबाई आपले हात पदराखाली धरून बसली. बोटांना अजून जायफळाचा वास येत होता. देवाचं नावही तिला सुचेना. आपण हिला मारलं, एवढं एकच वाक्य तिच्या डोक्यात फिरत होतं.

आठ वर्षांपूर्वी नवरा गेला, मेंढरं विकली आणि अजिनाथने तिला शहरात आणलं. इथे तिच्याजोगतं काही काम नव्हतं. सुनेने स्वयंपाक हातात घेतला होता, नातवंडं शाळेत जायची. दिवसभर पत्र्याकडे बघत बसायचं. मग एकदा समोरच्या बाईचं पोट दुखलं, हिने ओवा आणि सैंधव चावायला दिलं. कुणाच्या दाढेला लवंग दिली, कुणाच्या खोकल्याला आलं-मध. बाया यायला लागल्या. येताना मावशी म्हणायला लागल्या, जाताना घटकाभर बसायला लागल्या. वाडीवर तिला जी किंमत होती ती इथे त्या फडताळातल्या डब्यांनी परत दिली होती. हे सगळं त्या रिक्षात तिला आठवलं असं नाही. तिला एवढंच कळत होतं, की काहीतरी संपलं.

दवाखान्यात बाळाला लगेच आत घेतलं. डॉक्टर तरुण बाई होती. तिने डोळ्यांत बॅटरी मारली, छातीला नळी लावली, पायाच्या अंगठ्याला लाल दिव्याचा चिमटा लावला. नर्सने सुई टोचली तेव्हा बाळ जरासं कण्हलं. तेवढ्यानेही सारजाबाई दोन पावलं पुढे सरकली.

डॉक्टरने आईला विचारलं, बाळ पडलं का, ताप होता का, तोंडात काही गेलं का, कुठलं औषध दिलं का. मोनिका प्रत्येक प्रश्नाला मान हलवत होती. अंगावरच्या दुधाशिवाय काही नाही, असं ती म्हणाली. सोमनाथनेही तेच सांगितलं. आम्ही तिला काहीच देत नाही मॅडम, तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात एक प्रकारचा अभिमान होता.

 आता बोलले नाही तर मग कधीच बोलून उपयोग नाही, हे सारजाबाईला समजत होतं. सोमनाथ तिच्या अंगावर धावून येईल. पोलीस येतील. अजिनाथची नोकरी जाईल. काय काय मनात आलं. मग तिने बाळाच्या अंगठ्यावरचा तो लाल दिवा पाहिला.

"म्या दिलं, बाई," ती म्हणाली. "जायफळ उगाळून चाटवलं. तीन वळसे. आत्ता, पाणी आलं तव्हा."

सोमनाथने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. तो धावून आला नाही. नुसता बघत राहिला, जणू ही बाई कोण हे त्याला आठवत नव्हतं.

डॉक्टर रागावली नाही. जायफळाने लहान लेकरांना गुंगी येते, ती काही तासांनीही चढते, जास्त झालं तर श्वासाला धोका होतो, असं ती म्हणाली. मग तिने पुन्हा बाळाकडे पाहिलं आणि कपाळाला आठी घातली. "आजी, नीट आठवा. तीनच? याआधी काही दिलं होतं? बाळ फारच सुस्त आहे. नेमकं कळलं तर किती वेळ सांभाळायचं, कशाची तयारी ठेवायची, ते मला ठरवता येईल."

तीनच, असं सारजाबाई म्हणणार होती. तिची नजर मोनिकाकडे गेली. मोनिका ओढणीचा काठ बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती. वर बघत नव्हती. आणि सारजाबाईला चार दिवसांपूर्वीची दुपार आठवली. नवरा रात्रभर राबून येतो, एकच खोली, हिच्या रडण्याने त्याला डोळा लागत नाही, मग मशिनवर झोप येते, हात सापडेल की काय अशी भीती वाटते, असं मोनिका सांगत होती. आणि सारजाबाईने जायफळाचं अर्धं खांड कागदात बांधून तिच्या हातात ठेवलं होतं. लागलं तर दे म्हणाली होती. किती द्यायचं ते बोलता बोलता सांगितलं होतं. पोरीने ऐकलं का, तेही पाहिलं नव्हतं.

सारजाबाईला सगळं लख्ख समजलं. सकाळी सोमनाथ पाळीवरून आला असेल, बाळ रडत असेल. आणि मोनिका आता बोलणार नाही. दोन लेकरं गेल्यावर तिसरं आपल्या हाताने असं झालं, हे ती या माणसासमोर सांगणार नाही. पण डॉक्टरला कळायला हवं होतं.

"सकाळी बी दिलं," सारजाबाई म्हणाली. "ह्यो झोपला होता तव्हा. ध्यानात नव्हतं माज्या."

"किती?"

 तो आकडा तिला ठाऊक नव्हता, आणि खोटा सांगायची तिची छाती नव्हती. ती मोनिकाजवळ गेली. तिची थंडगार बोटं आपल्या हातात घेतली.

"पोरी, तुज्यासमोरच उगाळलं की म्या सकाळी. तू बघत व्हतीस. किती वळसे झाले असतील? भिऊ नको, मला नीट आठवंना, तू सांग."

मोनिकाने मान वर केली. दोघी एकमेकींकडे बघत होत्या. नर्स थांबली होती.

"लई होते, मावशी," मोनिका म्हणाली. "आठ-दहा असतील. जास्तच."

डॉक्टरने ते लिहून घेतलं, नर्सला भराभरा काही सांगितलं आणि तिघांना बाहेर जायला सांगितलं.

बाहेरच्या बाकावर जागा होती, पण सोमनाथ उभाच राहिला. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "मावशी, तुम्ही घरी जा." एवढंच. शिवी दिली असती तर तिला सोसली असती. ती उठली, जिना उतरली, पण घरी गेली नाही. खाली लिंबाच्या झाडाजवळ नातेवाईक डबे सोडून बसतात तिथे जाऊन बसली. वरून कुणी रडत आलं, की ती उठून उभी राहायची. ते आपलं माणूस नाही हे दिसलं, की पुन्हा बसायची. संध्याकाळी अजिनाथ शोधत आला. तिला हलवता येईना, तेव्हा तोही शेजारी बसला.

दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर सायली रडली. आधी बारीक, मग चांगलं भोकाड पसरून. अंगावर प्यायली. हे सारजाबाईला नर्सने सांगितलं. सोमनाथ तिच्यासमोरून चहा घ्यायला गेला आणि आला, पण थांबला नाही.

गल्लीत गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. म्हातारीने सकाळ-दुपार लेकराला जायफळ चारलं, दवाखान्यात तिनेच कबूल केलं. कुणी तोंडावर काही बोललं नाही. फक्त बाया येईनाशा झाल्या. समोरच्या बाईचं पोट दुखलं तेव्हा ती मेडिकलवर गेली, आणि जाताना सारजाबाईच्या दाराकडे न बघता गेली. सारजाबाईला त्यात काही चूक वाटलं नाही. आता कुणी आलं असतं, तरी तिचा हात डब्याला लागला नसता. सुनेने भाजीत घालायला ओवा मागितला, तरी ती म्हणायची, तूच घे.

एकदा जेवताना अजिनाथने विचारलं, "आई, त्या दिवशी सकाळी तू त्यांच्याकडं कधी गेलीस? सकाळभर तर तू माझ्यासंगं रेशनच्या लाइनीत होतीस."

"तू जेव," ती म्हणाली.

तो जेवायचा थांबला. "म्हणजे तू..."

"जेव म्हणते ना. आन् हे कुठं बोलायचं नाय."

बरेच दिवस भिंतीपलीकडून फक्त आवाज येत राहिले. बाळाचं रडणं, खुळखुळा, सोमनाथचं खोकणं. मोनिका गल्लीत दिसली तर मान खाली घालून जायची. मग एका दुपारी, सोमनाथ दिवसपाळीला गेलेला असताना, ती बाळाला घेऊन दारात उभी राहिली. आत आली नाही. तिने सांगितलं, की तिला रात्री झोप येत नाही. सोमनाथ सगळ्यांसमोर मावशींना बोलतो आणि ती ऐकत बसते. आज संध्याकाळी ती त्याला खरं सांगणार आहे.

सारजाबाईने निवडती भाजी बाजूला सारली.

"त्ये तुजं तू ठरव," ती म्हणाली. "माज्यासाठी सांगू नको. खांड म्याच दिलं तुला. दुपारचे तीन वळसे माजेच. म्या लई खोटं बोलले नाय."

मोनिका रडली. मग डोळे पुसून तिने एकदम बाळ पुढे केलं. दोरीवरचे कपडे काढून येते, तोवर घ्या, म्हणाली. सारजाबाई मागे सरली. नको, म्हणाली, सुनेला येऊ दे. पण मोनिका हात मागे घेईना. त्या पुढे केलेल्या हातांना नाही म्हणणं तिला जमलं नाही.

सायली अंगाने भरली होती. मांडी ओळखीची असल्यासारखी ती जरा वळवळली, पदराचं टोक मुठीत धरलं, जांभई दिली आणि बघता बघता आपोआपच झोपली. तिला खाली चटईवर ठेवता आलं असतं. सारजाबाईने ठेवलं नाही. तिने आपला खरबरीत तळवा तिच्या छातीवर अलगद टेकवला. छाती वर यायची, खाली जायची. पाय बधिर झाला, बाहेर भाजीवाला ओरडून गेला, पण ती जागची हलली नाही. मोनिका कपड्यांचं ओझं घेऊन दारात येऊन थांबली, तरी तिला कळलं नाही. ती हातावर डोळे लावून बसली होती आणि प्रत्येक श्वासाबरोबर तिचे ओठ आकडे मोजत हलत होते.